तारा आल्या, मग लोकल का नाही?

पुणे–दौंड मार्गावरच्या एका गावातून आलेला प्रश्न असा: "२०१७ साली आमच्या रुळांवर विजेच्या तारा चढल्या. वाटलं, लोणावळ्याला आहे तशी लोकल आता इकडेही येणार. आली डेमू. म्हणजे वर वीज आणि खाली डिझेलचा धूर. आता फलाट उंच करून स्टेशन नव्यानं बांधायचं बोलणं ऐकू येतंय. तारा आधी आणि स्टेशन नंतर, हा क्रम उलटा नाही का? आणि रोजच्या गाड्या चालू ठेवून अख्खं स्टेशन पाडता-बांधता येतं का?"

रेल्वेच्या टीआरडी खात्यात, म्हणजे रुळांवरच्या तारा आणि त्यांना वीज पुरवणारी सबस्टेशनं सांभाळणाऱ्या खात्यात, मी तीसेक वर्षं काढली. त्यातली बरीचशी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल आणि मधूनमधून मुंबईला जाऊन येईल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तुमच्या तारा लोकलसाठी आलेल्याच नव्हत्या. पुणे–दौंड हा मुंबईहून सोलापूर, वाडी आणि पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाचा तुकडा. तिथली वीज आली ती लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या आणि मालगाड्यांच्या इंजिनांसाठी. अशा कामात खांब, तारा, सबस्टेशन आणि सिग्नलमधले बदल एवढंच धरलेलं असतं. फलाट किती उंच आहे हे तिथे कोणी विचारत नाही, कारण इंजिनाला फलाटाशी देणंघेणं नसतं. ते लोकलला असतं. लोकलला उंच फलाट लागतो, बारा डब्यांची गाडी म्हटली तर सुमारे २६० मीटर लांब लागतो, रात्री रिकाम्या गाड्या उभ्या करायला जादा रूळ लागतात, देखभालीला कारशेड लागते. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे वेळापत्रकात जागा लागते. एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधून दर तासाला एक फेरी काढायची तर सेक्शन कंट्रोलरला, म्हणजे त्या पट्ट्यातल्या गाड्यांचा क्रम लावणाऱ्याला, विचारा, तो कपाळाला हात लावेल.

माझं एक मत इथेच सांगतो. ते तुम्हाला आवडणार नाही कदाचित. सीएसएमटी ते ठाणे ३४ किलोमीटरमध्ये १९ स्टेशनं आहेत. म्हणजे दर दोन किलोमीटरला थांबा. तिथे झटकन वेग घेणारी आणि झटकन थांबणारी गाडी लागते, म्हणून लोकलमध्ये तीन-तीन डब्यांची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटमध्ये एक मोटरचा डबा. बारा डब्यांना चार ठिकाणी रेटा मिळतो. तुमच्याकडे पुणे ते दौंड साधारण ७५ किलोमीटर. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस धरून सरासरी सात किलोमीटरवर एक थांबा. या अंतराला मेमू जास्त शोभते. ती विजेवर चालते, दाराला पायऱ्या असल्यामुळे खालच्या फलाटावरही चालते आणि तिच्यात शौचालय असतं, जे मुंबईच्या लोकलमध्ये नसतं. तास-दीड तासाच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं. 'लोकल' या शब्दाची एक प्रतिष्ठा आहे हे मला मान्य. पण मागायचीच तर वारंवार येणारी विजेवरची गाडी आणि उंच फलाट हे मागा. गाडीच्या नावावर अडून बसू नका.

आता क्रमाचा प्रश्न. तुमची शंका बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे.

रेल्वेत जमिनीपासून काहीच मोजत नाहीत. सगळं रुळाच्या माथ्यापासून मोजतात. आम्ही त्याला रेल लेव्हल म्हणतो, मी इथे रूळपातळी म्हणेन. फलाटाची उंची रूळपातळीपासून. तारेची उंची रूळपातळीपासून. पुलाच्या पोटाची उंचीही तिथूनच. आणि आडवं अंतर मोजायचं ते दोन रुळांच्या मधल्या रेषेपासून. ब्रॉडगेजला उंच फलाट म्हणजे रूळपातळीपासून ७६० ते ८४० मिलिमीटर. खालचा फलाट म्हणजे जास्तीत जास्त ४५५. फलाटाची कड रुळाच्या मध्यरेषेपासून १६७० ते १६८० मिलिमीटरवर असावी लागते. नीट पाहा, दहा मिलिमीटरची सूट आहे, करंगळीच्या जाडीएवढी. त्याहून जवळ आली तर डबा घासेल, दूर गेली तर पाय अडकेल. गाडीला वीज देणारी तार सर्वसाधारणपणे साडेपाच मीटरवर. सरळ रुळावरही ती सरळ नसते, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २०० मिलिमीटर नागमोडी नेतात, नाहीतर पेंटोग्राफची, म्हणजे टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याची, कार्बनची पट्टी एकाच ठिकाणी करवतीसारखी कापली जाईल.

गंमत अशी की ज्याच्यापासून हे सगळं मोजायचं तो रूळच स्थिर नसतो. खडीवर बसलेला रूळ गाड्यांच्या वजनानं खचतो, मग टॅम्पिंग मशीन येतं, रूळ उचलतं, खाली खडी दाबून बसवतं. दर वेळी रूळ किंचित वर. काही वर्षांत दोन-तीन इंचांचा फरक पडलेला मी स्वतः मोजला आहे. फलाटाची एक वीटही न हलवता फलाट बुटका होतो आणि एक नटही सैल न करता तार खाली येते. पूल जागेवर असतो, पण त्याखालची मोकळी जागा कमी होते. प्रवासी म्हणतात फलाट खचला. खचलेला नसतो, रूळ चढलेला असतो.

म्हणून शहाणपणाचा क्रम असा: आधी रूळ कुठे आणि किती उंचीवर असणार हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरवा, जादा मार्गिका येणार असेल तर तीही कागदावर आणा. मग फलाट आणि पूल. तार शेवटी. तुमच्याकडे तार दुसऱ्याच कामासाठी आधी आली, त्यामुळे आता फलाटाचं काम जिवंत तारेखाली होणार. ते होतं, पण वेळ आणि पैसा दोन्ही जास्त खाऊन.

हे काही आजचं दुखणं नाही. आपल्या देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, हार्बर मार्गानं, १५०० व्होल्ट डीसीवर. त्याआधी १९१० पासून हार्बरचा रूळ कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच येत होता. तो बोरीबंदरला जोडायचा तर मुख्य मार्ग ओलांडणं भाग होतं, म्हणून सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी चक्क वरच्या मजल्यावर चढवली. नवा मार्ग, नवं स्टेशन आणि वीज एकाच वेळी आली. नंतरच्या काळात इतकं नशीब फारच थोड्या मार्गांना मिळालं. पुणे–लोणावळा लोकलही तशी नशीबवानच. ती ११ मार्च १९७८ ला सुरू झाली तेव्हा तिकडच्या तारांना जवळपास पन्नास वर्षं होत आली होती, कारण जीआयपीनं, म्हणजे मध्य रेल्वेच्या ब्रिटिशकालीन पूर्वज कंपनीनं, घाटाच्या चढासाठी कल्याण–पुणे आधीच विजेवर घेतलं होतं. म्हणजे तिथेही तारा आल्या आणि लोकल यायला अर्धशतक गेलं. तुम्ही अजून घाई करताय असं मी म्हणणार नाही, पण वंशावळ ठाऊक असावी.

मुंबईतल्या कामाचं सांगतो, कारण चालू मार्गावर तार बदलणं म्हणजे काय हे त्यातून कळेल. १५०० व्होल्ट डीसी १९२५ साली उत्तम होतं. पुढे गाड्या लांबल्या, फेऱ्या वाढल्या आणि तांबं पुरेना. हिशेब सोपा आहे. समजा एका गाडीला ३००० किलोवॅट लागले. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअरचा प्रवाह तारेतून ओढावा लागतो. २५ हजार व्होल्टवर तोच आकडा १२०. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तारेचा रोध तोच धरला तर फरक पावणेतीनशे पटींच्या वर जातो. म्हणून डीसीला जाडजूड तारा आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. शिवाय डीसीचा परतीचा प्रवाह रुळातून जाताना जमिनीत झिरपतो आणि आसपासचे लोखंडी पाइप कुरतडतो. भारतीय रेल्वेनं १९५७ च्या सुमारास २५ हजार व्होल्ट एसी स्वीकारलं, पण मुंबई आपल्या जुन्या डीसीवर राहिली. बदल पुरा व्हायला पश्चिम रेल्वेवर २०१२ उजाडलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ आणि हार्बरवर एप्रिल २०१६. जिथे पहिली गाडी धावली तिथेच शेवटची डीसी लोकलही धावली.

हे एका रात्रीत बटण दाबून झालं असं वर्तमानपत्रांत वाटलं. बटण एका रात्रीत दाबलं हे खरं. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही तारा डीसीवर चालू ठेवून खांबाखांबावरचे इन्सुलेटर २५ हजारांच्या लायकीचे करत होतो. नव्या तारांतून जुनीच वीज वाहत होती. गाड्याही दोन्ही विजांवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या, कारण प्रवाशाला मधे उतरवता येत नाही. जिथे एसी संपून डीसी सुरू होई तिथे तारेचा एक मेलेला तुकडा ठेवलेला असे. मोटरमन वीज तोडून गाडी नुसत्या वेगावर पुढे सरकवायचा आणि डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे. जुन्या प्रवाशांना हा अंधार आठवत असेल. काम पुढे सरकेल तसा तो अंधाराचा तुकडाही मुंबईच्या दिशेनं सरकत गेला. एखाद्या आठवड्यात लोक म्हणायचे, "आज दिवे ठाण्याला गेले नाहीत, पुढे गेले," आणि आम्हाला तेवढ्यात पावती मिळायची.

तारा बदलणं त्यातलं सोपं काम होतं. अडवलं पुलांनी आणि सिग्नलनी.

२५ हजार व्होल्टची तार आणि पुलाचं पोट यांत किमान २५० मिलिमीटर हवा लागते. स्पर्शाची गरज नसते, जवळ गेलं की ठिणगी उडी मारते. डीसीच्या काळात टपावर बसून जाणारी मुलं वाचायची, एसीत ती तारेला हात न लावताही जळाली असती. त्या वेळच्या उद्घोषणा आठवत असतील. पूल मात्र ब्रिटिश काळातले, वाफेच्या इंजिनाच्या मापाचे. भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या मधला हँकॉक पूल १८७९ चा. आता नवा पूल बांधायचा तर रूळपातळीपासून सहा मीटरच्या वर बांधतात, जुन्यांची तेवढी ऐपत नव्हती. काही ठिकाणी रूळ खाली घेतले. अशा पुलांखाली गाड्या हळू चालवाव्या लागल्या. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये अठरा तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद ठेवून, हँकॉक पाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पुलाची पाळी आली, तो १८६८ चा. त्याला सत्तावीस तास लागले. पाडायला सत्तावीस तास, पण परत उभा करून रस्ता सुरू व्हायला २०२५ चा पावसाळा आला. मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांनी त्या काळात रेल्वेला काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

सिग्नलचं दुखणं दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रुळावर गाडी आहे की नाही हे कळण्यासाठी रुळातूनच एक बारीक प्रवाह सोडलेला असतो, त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. चाकं आली की तो प्रवाह तुटल्यासारखा होतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. पण गाडीच्या मोटरमधून परत येणारा प्रवाहही त्याच रुळातून जातो. वर डीसी असेल तर खाली सिग्नलला एसी वापरायचं, म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही. वरची वीज ५० हर्ट्झ एसी झाली की खालची जुनी ५० हर्ट्झची सगळी सर्किटं निरुपयोगी. त्यांच्या जागी वेगळ्या फ्रिक्वेन्सीची किंवा चाकांचे आस मोजणारी यंत्रणा बसवावी लागते, प्रत्येक तुकड्यात, प्रत्येक सांध्यावर. याला चूक चालत नाही. तार तुटली तर गाडी थांबते. ट्रॅक सर्किट खोटं बोललं तर गाडीवर गाडी जाते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: गाड्या चालू ठेवून हे कसं जमतं?

ब्लॉकमध्ये. मुंबईत शेवटची लोकल एकच्या सुमारास जाते, पहिली चारच्या सुमारास निघते. लोकांना वाटतं तीन तास मिळाले. मिळत नाहीत. शेवटची गाडी सेक्शनमधून निघाल्याचा निरोप येईपर्यंत ट्रॅफिक ब्लॉक मिळत नाही. मग आम्ही टीपीसीला, म्हणजे वीज नियंत्रकाला, पॉवर ब्लॉक मागायचा. तो दूरवरून स्विच उघडतो आणि खातरजमा करून परमिट देतो. वीज बंद झाली म्हणून तार मेली असं मानायचं नाही. शेजारच्या मार्गावर २५ हजार व्होल्ट चालू असतात, त्यांच्या प्रभावानं बंद तारेतही माणूस मारण्याएवढा दाब चढतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला बांधायची. आधी रॉडचं टोक रुळाला, मग तारेला. काढताना उलट. हा क्रम आमच्याकडे श्लोकासारखा पाठ करून घेतात आणि तो विसरलेल्यांच्या गोष्टी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात. एवढं होईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. शेवटी माणसं, शिड्या, हत्यारं मोजून, रॉड काढून, परमिट परत करायला पुन्हा तेवढाच. हातात उरतात पावणेदोन तास. त्यात टॉवर वॅगन, म्हणजे तारेपर्यंत पोचवणारी आमची गाडी, आणायची, तार खेचायची, कॅन्टिलिव्हर, म्हणजे तार धरणारा खांबाचा आडवा हात, बसवायचा. चारला पाच मिनिटं कमी असताना एखादा नट बसत नसेल तर त्या माणसाच्या छातीत काय होतं ते मला ठाऊक आहे. ब्लॉक बर्स्ट झाला, म्हणजे ठरल्या वेळेला संपला नाही, तर सकाळी आठला कल्याण-डोंबिवलीत जे होतं ते टीव्हीवर दिसतं.

तुमच्याकडे रात्री लोकल नाही, पण लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्या रात्रीच जास्त. त्यामुळे तुमच्या ब्लॉकची घडी आणखी तोकडी.

स्टेशन म्हणजे लोकांच्या डोळ्यासमोर पुढची इमारत येते. नव्या आराखड्यांच्या चित्रांतही तीच असते, काचेची, रात्रीच्या दिव्यांत. ती शेवटी पाडून शेवटी बांधली तरी चालते. तिकीटघर पत्र्याच्या केबिनमध्ये महिनाभरात हलवता येतं. हलत नाही ती रिले रूम. त्या खोलीत सिग्नलचं आणि पॉइंटांचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांचं, डोकं असतं. नवी खोली बांधून, नवी यंत्रणा बसवून, जुन्यावरून नव्यावर काम वळवेपर्यंत जुन्या इमारतीचा तो कोपरा तसाच ठेवावा लागतो. सगळं पाडलंय आणि मधे एक जुनाट खोली एकटीच उभी आहे असं एखाद्या स्टेशनात दिसलं, तर ठेकेदार आळशी आहे असं लगेच समजू नका.

मग फलाट. ४५५ वरून ८४० वर न्यायचा म्हणजे सव्वा फूट उचलायचा. पूर्ण फलाट एकदम बंद ठेवता येत नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी करतात. तो काळ प्रवाशांना त्रासाचा, कारण मधे पायरी तयार होते आणि पहाटेच्या अंधारात माणसं तिथे पडतात. उचललेल्या फलाटाला जुन्या दगडी इमारतीचा दरवाजा आता सव्वा फूट खाली जातो. पावसाचं पाणी स्टेशन मास्तरच्या खोलीत. पाण्याचा उतार कुठे काढायचा हे ज्यांनी आराखड्यात दाखवलं नाही त्यांचं स्टेशन पहिल्या पावसाळ्यात ओळखू येतं. मुंबईत २०१४ नंतर, फलाट आणि गाडीतल्या फटीत माणसं सापडल्यामुळे, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि फलाट ९०० मिलिमीटरच्या वर नेण्यात आले. तेव्हा कामाचा वेग बघितला तर हे आधी का झालं नाही असाच प्रश्न पडतो.

छप्पर, पादचारी पूल, फलाटावरच्या तारांचे खांब हा आमच्या खात्याचा भाग. फलाटावरचा खांब रुळाच्या मध्यापासून साडेचार मीटरपेक्षा जास्त दूर हवा, म्हणजे कडेला चालायला जागा राहते. पादचारी पुलाला तारेच्या वर दोन्ही बाजूंनी बंद पत्रा किंवा बारीक जाळी, कारण कोणीतरी ओला टॉवेल झटकतो, कोणी छत्री खाली धरतो. पुलाच्या छपराची पन्हळ तारेवर सांडता कामा नये. लोखंडी कुंपण, नळ, जाहिरातीचा फलक, प्रत्येक धातू जमिनीला बांधलेला हवा. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि सगळं महत्त्वाचं आहे.

आमची एक फजिती सांगतो. एका स्टेशनात, नाव नको, आमच्या नकाशात तारेच्या खांबाचा पाया जिथे होता तिथेच स्थापत्य खात्याच्या नकाशात पादचारी पुलाचा जिना उतरत होता. दोन्ही नकाशांवर सह्या होत्या. माझीही होती. पाया आम्ही आधी ओतला, कारण आम्हाला ब्लॉक आधी मिळाला. जिना बांधणारे आले तेव्हा तिथे सिमेंटचा चौथरा आणि त्यावर खांब. खांब हलवायचा तर तारेचा ताण बदलतो, शेजारचे दोन खांब नव्यानं जुळवावे लागतात. शेवटी जिना अरुंद झाला. आजही गर्दीच्या वेळी तिथे माणसं एका रांगेत उतरतात. त्या स्टेशनात उतरलो की मी दुसऱ्या टोकाच्या जिन्यानं जातो.

अरुंद जिन्याची किंमत काय असते हे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडला कळलं. पावसात पुलावर अडकलेल्या गर्दीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्करानं तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल बांधले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खुले केले. पाच महिन्यांत. म्हणजे ठरवलं तर होतं. पण बहुतेक ठिकाणी ठरत नाही, कारण पुलासाठी एका खात्याचा पैसा, ब्लॉकसाठी दुसऱ्याची परवानगी आणि तार वर-खाली करायला तिसऱ्याची माणसं.

लहान ब्लॉकनी काम पुरेनासं झालं की एकदाच मोठा घास घ्यावा लागतो. ठाण्याला ३१ मे ते २ जून २०२४ असा ६३ तासांचा ब्लॉक घेतला. पाचव्या-सहाव्या फलाटावर गर्दी मावत नव्हती, म्हणून शेजारचा रूळ सरकवून फलाट रुंद केला. त्याच दिवसांत सीएसएमटीलाही ब्लॉक होता; दोन्ही मिळून नऊशेहून अधिक लोकल रद्द झाल्या. फलाटाची भिंत जागेवर ओतत बसले असते तर तिला सुकायलाच दिवस गेले असते, म्हणून आधी तयार करून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे आणून रचले. रूळ सरकला म्हणजे तारही सरकली, कारण तार रुळाच्या मध्यरेषेला बांधलेली. इथे आमची माणसं आणि स्थापत्यवाले एकाच वेळी, एकाच नकाशावर होते. मी तेव्हा निवृत्त होतो. घरी बसून बातम्या पाहत होतो आणि पहिली गाडी वेळेत जाईपर्यंत जेवलो नाही, याला बायको अजून हसते.

तुमच्या भागाची एक गोष्ट राहिली. विजेच्या मार्गावर फाटकाला दोन्ही बाजूंनी ४.६७ मीटरवर आडवी कमान असते, हाइट गेज. दौंड-पाटसच्या पट्ट्यात हंगामात उसाची ट्रॉली गच्च भरून येते, वर वाढे लोंबतात आणि कमान वाकवून जाते. वाकलेली कमान कोणी कळवत नाही, पण पुढचा ओला ऊस तारेपर्यंत पोचू शकतो. दिसली तर फाटकवाल्याला सांगा. कावळ्यांचंही तेच. बांधकामाच्या बारीक तारा गोळा करून ते खांबावर घरटी करतात आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या तारा इन्सुलेटरला टेकल्या की फीडर ट्रिप होतो, म्हणजे त्या पट्ट्याची वीज आपोआप तुटते. नवं स्टेशन बांधताना उरलेली बाइंडिंग वायर उघड्यावर टाकू नये असं मी ठेकेदाराच्या करारात घालायला लावलं होतं. सगळे हसले होते.

रेल्वेच्या विभागीय उपभोक्ता सल्लागार समितीत तुमच्याकडचा कोणी असेल तर त्याच्याकडून चार गोष्टी विचारून घ्या. पुढे तिसरी-चौथी मार्गिका येणार असेल तर नव्या फलाटाची कड कोणत्या रुळाच्या हिशेबानं धरली आहे? जिना आणि तारेचा खांब एकाच नकाशावर आहेत का? रिले रूम कधी हलणार? फलाट उचलल्यावर पाणी कुठे जाणार? समोरच्या इमारतीचं चित्र ते आपोआप दाखवतील.

आणि पुढच्या वेळी गाडीची वाट पाहताना, कडेपासून मागे उभं राहून, तारेच्या एखाद्या खांबाकडे बघा. त्याच्या नंबराखेरीज त्यावर रुळाच्या मध्यापासूनचं अंतर मीटरमध्ये रंगवलेलं असतं आणि एक आडवी रेघ असते. ती रेघ म्हणजे खांब उभा केला तेव्हाची रूळपातळी. आता रुळाचा माथा त्या रेघेच्या वर दिसतो की खाली, तेवढं मला कळवा.